नव्या नावाची बाटली

दक्षिण कोरियातल्या डेजॉनच्या प्रसूती-रुग्णालयात नंबराची चिठ्ठी मुठीत धरून बसलेल्या पिल्सुनआजीच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

“युरिम, गरोदरपणाचा गुलाबी बिल्ला पर्समध्ये काय लपवतेस? बाहेर लाव की.”

“लॅबमध्ये अजून सांगितलं नाही, ताई. कळलं तर सौरपट्ट्यांना लेप द्यायचं काम काढून घेतील.”

“घेऊ देत! लेप ज्यात विरघळवतात त्या सॉल्व्हंटची वाफ पोटातल्या बाळाला बाधते. नऊ वर्षं काढलीत मी तिथं.”

“आता नवं आणलंय. बिनविषारी. त्याला तो कुजक्या मासळीचा वाससुद्धा नाही.”

“मग रडतेस कशाला?”

“नव्या सॉल्व्हंटनं लेप सलग बसत नाही, ताई. वीतभर पट्टीवर जमतो, मीटरभर पट्टीवर डाग पडतात. आणि परवा पाहुण्यांना मीटरभरच दाखवायची होती.”

“म्हणून?”

“म्हणून नव्याच्या बाटलीत जुनंच भरलं.”

“कुणी?”

“मीच. सर एवढंच म्हणाले, ‘लेप बसायला हवा.’ बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“आणि रक्त कधीपासून जातंय?”

“काल सकाळपासून.”

“डॉक्टर विचारतील, कामावर काय हाताळतेस म्हणून. खरं सांगशील ना?”

“बाटलीवर लिहिलंय, तेच सांगेन.”