पाण्याखालची गल्ली

(धारूर, १९९९चा उन्हाळा. इंजिनिअरिंगला असलेला श्रीशैल सुट्टीत औरंगाबादहून कॉम्प्युटर घेऊन घरी आलाय. पडद्यासमोर माजलगावहून आलेला त्याचा मामा बसवेश्वर. मागं आई जगदेवी.)

बसवेश्वर : अन् ही भिंत अशी फुटली कावून बे? चौकोनच चौकोन. फरशी बसवल्यावानी.

श्रीशैल : फार जवळ गेलो ना मामा. फोटो म्हणजे शेवटी रंगाचे ठिपके. जागा जास्त, ठिपके कमी, मग एकेक ठिपका ताणून एवढा मोठा होतो. आता बघा. हे बटण दाबतो.

बसवेश्वर : आरं! दगड झाला की!

श्रीशैल : फिल्टर लावला. आता मशीन एकच ठिपका उचलत नाही. शेजारचे चार बघतं. जो जवळ, त्याचा रंग जास्त, असं मिसळतं.

बसवेश्वर : एका जागी?

श्रीशैल : पडद्यावरच्या प्रत्येक जागी. आपण जरा हललो की सगळं पुन्हा नव्यानं.

बसवेश्वर : पापणी लवायच्या आत? लईच झालं हे.

जगदेवी : अण्णा, भिंत कुणाची हाय ते तरी बघा.

बसवेश्वर : कुणाची?

जगदेवी : फोटो तुमीच काढलते. धरणाच्या पंचनाम्याला घराघराच्या भिंती लागत्यात म्हणून. मी ट्रंकेत ठिवलते, ह्यानं नेले.

बसवेश्वर : हा कोनाडा... ही तर शेजारच्या मल्लप्पाची भिंत. जगदेवी, हे आपलं गाव हाय?

श्रीशैल : एक गल्लीच. ज्यांचे फोटो सापडले तेवढीच घरं कॉम्प्युटरात उभी केली, भिंतींवर तेच फोटो चिकटवून.

बसवेश्वर : बंद कर.

जगदेवी : अण्णा...

बसवेश्वर : बंद कर म्हन्लं ना! धरण भरल्यापासून त्या पाण्याकडं तोंड केलं न्हाई मी. माजलगावात राहून.

श्रीशैल : करतो मामा. एवढं गल्लीच्या तोंडातून एकदा बघा, मग करतो.

जगदेवी : बगताव का?

बसवेश्वर : ते लांबचे दगड असे चमचम कावून करतेत? मुंग्या सुटल्यावानी?

श्रीशैल : लांबून उलटं होतं. ठिपके ढीगभर अन् जागा एवढीशी. मशीन दर पावलाला वेगळाच ठिपका उचलतं. म्हणून प्रत्येक फोटोच्या लहान प्रती आधीच करून ठेवल्यात. निम्मी, तिच्या निम्मी, तिच्याही निम्मी. लांबच्या भिंतीला लहान प्रत, जवळच्या भिंतीला मोठी, अन् मधल्या ठिकाणी दोन्ही मिसळून. हे बघा, चालू केलं.

बसवेश्वर : थांबल्या.

श्रीशैल : हं.

बसवेश्वर : मुंग्या थांबल्या बे. सगळं कसं निवांत झालं... बाजाराहून परत येताना असंच दिसायचं. येकेक दगड न्हाई दिसायचा. गल्ली दिसायची.

जगदेवी : शेवटाला पिंपळ होता.

श्रीशैल : त्याचा फोटो नाही आई. अन् जमिनीचंही नीट जमलं नाही अजून. ती तिरकी दिसते ना, तिथं मशीन गरजेपेक्षा लहान प्रत निवडतं, अन् पुढं पुढं सगळं पुसट होतं. कॉलेजातले सर म्हणाले, ह्या कॉम्प्युटरातल्या ग्राफिक्स कार्डावर एवढंच होईल.

बसवेश्वर : पुसट कुठं हाय? धूळ हाय ती.

श्रीशैल : नाही मामा, ती चूक आहे.

बसवेश्वर : तुला काय ठावं? तू कवा राहिलास तिथं? चैतात गुरं परतली की अशीच उठायची. खाली बसायचं नावच न्हाई घ्यायची. समोरून कोण येतंय ते चालीवरून वळखायचो आमी.

जगदेवी : आपल्या मायला तर लांबूनच वळखायचो.

बसवेश्वर : हात नको लावूस बे त्या धुळीला. हाय तशी राहू दे.

श्रीशैल : बरं. चला, तुमच्या दारापर्यंत नेतो.

बसवेश्वर : थांब. पुढं जायचं बटण कोणचं?

श्रीशैल : हा वरचा बाण.

बसवेश्वर : सरक तिकडं. मी चालतो.