शेवटून बारावं घर

ताई : आधी हसणं आवर. शाळेत बैठकीला गेली होतीस की सर्कशीला?

धाकटी : सांगते, पाणी दे आधी. मदत खात्याच्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, सगळ्यात गरीब बारा घरांना वर्षभर धान्य मिळेल, पण ती घरं गल्लीनंच निवडायची. घरागणिक एक चिठ्ठी केली. या टोकाला खाऊनपिऊन सुखी, त्या टोकाला हातावर पोट असलेले, अशी जमिनीवर रांग लावायची.

ताई : सगळेच त्या टोकाला धावले असतील.

धाकटी : पहिला दुकानदार. म्हणे, माझ्यासारखा कंगाल गल्लीत नाही. तर त्याचीच बायको उठून म्हणाली, मग परवा दुसरा फ्रिज आला तो कुणाचा? हसता हसता बाईंच्या हातातला खडू पडला.

ताई : आणि सगळ्यात शेवटी कोण?

धाकटी : तिथे तर खरी जुंपली. इस्त्रीवाली म्हणते, छत्रीवाले काका ठेवा, त्यांना करून घालणारं कुणी नाही. काका म्हणतात, छे, तिच्या पदरात तीन पोरी, तिलाच ठेवा. दोघं एकमेकांची चिठ्ठी पुढे ढकलताहेत. शेवटी बाईंनी एकीवर एक ठेवली, तेव्हा कुठे गप्प झाले.

ताई : काका म्हणजे हट्टीच. बरं, आमची चिठ्ठी? मधेच ना?

धाकटी : शेवटून बारावी.

ताई : तू सांगितलंस? हे बांधकामावर परांचीवरून पडले ते सगळ्यांनी पाहिलं. पण पुढचं कुणाला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं आपलं.

धाकटी : मी तोंड उघडलं नाही गं. मधेच ठेवली होती. शेजारच्या न्हाव्यानं उचलली आणि म्हणाला, या घरातून रोज भांड्यांचा आवाज येतो, वास येत नाही. मग एकेक जण बोलायला लागला.

ताई : म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं?

धाकटी : सगळ्यांना.

ताई : आणि मी दोन महिने रिकामी कढई ढवळतेय.

धाकटी : झारा आपटून आपटून.

ताई : वर मीठ चाखून बघायचे गं. यांना हसवायला.

धाकटी : पुरे, ताई. पोट दुखायला लागलं माझं.

(दोघी बराच वेळ हसतात.)

ताई : पण मग कधी कुणी विचारलं का नाही?

धाकटी : येतात की विचारायला. तू म्हणतेस, बसा, जेवूनच जा. मग उठतात बिचारे.