खंडेनवमीला मांडलेलं कुलूप

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ऐकायला सोपा, गिळायला जड. ज्या पापाला आपला हात लागला नाही, ते पाप आपलं असतं का? — अहो, लगेच माना काय हलवता! 'नाही' म्हणायची एवढी घाई? आधी ऐका, मग हलवा.

गोष्ट पुराणातली नाही. गेल्या खंडेनवमीची आहे. आणि मी स्वतः तिथे होतो!

हेमलताताई उमराणीकर. पूजासाहित्याची कंपनी त्यांची — कापूर, उदबत्त्या, फुलवाती. बाई कशी? देवमाणूस! कारखान्यात शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावणार. माल जातो थेट परदेशातल्या देवळांत. तिकडचे लोक दरवर्षी एक कागद मागतात — तुमच्या मालासाठी कुणाला डांबून, सक्तीनं राबवलं नाही ना? ताई सही करायच्या. अगदी मनापासून! त्यांच्या कारखान्यात खरोखरच कुणावर सक्ती नव्हती.

पण वाती कारखान्यात होतच नव्हत्या, मंडळी! वाती व्हायच्या कंत्राटदाराकडे. केरबा ढमाले त्याचं नाव. गावाबाहेर पत्र्याची शेड. ताई तिथेही वर्षातून एकदा पाहणीला जायच्या. मग चुकलं कुठे? सांगतो! आदल्या दिवशी फोन करून जायच्या. आपली रीतच ना ती — न कळवता कुणाच्या दारात जाऊ नये. मग काय! केरबानं पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, पेढे, शाल, श्रीफळ. चार बाया कोऱ्या लुगड्यांत वाती वळतायत. झाली पाहणी!

हसू नका. मीसुद्धा दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीत कीर्तन केलं. त्याच केरबाच्या हातून नारळ घेतला. मागचं दार माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी इकडे भूतदया रंगवून सांगत होतो, आणि दारापलीकडे... लाज वाटते हो सांगायला. पण सांगतो.

खंडेनवमी म्हणजे काय? यंत्रं बंद. ज्याच्यावर आपलं काम चालतं ते देवापुढे मांडायचं. सुतारानं रंधा मांडायचा, शिंप्यानं कात्री. माझ्या चिपळ्या त्या दिवशी पाटावर असतात! तर ताईंच्या कारखान्यातली पूजा लवकर आटोपली. म्हणाल्या, "बुवा, चला, केरबाच्या वातींच्या यंत्रालाही हळदकुंकू लावून येऊ." फोन केला का? छे! पूजेला जाताना कसला फोन?

गेलो. केरबा सासुरवाडीला. दारात म्हातारा राखणदार. ताईंच्या हातातलं ताट बघून त्याचं तोंडच उतरलं.

"मालक न्हाईत, ताई."

"अहो, यंत्र तर आहे ना?"

म्हाताऱ्यानं ताईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कमरेची किल्ली काढली. मागच्या दाराला कुलूप. बाहेरून! मला वाटलं, सणाचं बंद केलंय. दार ढकललं — आत माणसं!

सतरा बाया, मंडळी! सतरा! कापसाच्या ढिगात बसलेल्या. केसांत कापूस, पापण्यांवर कापूस. यंत्राला सुट्टी होती, त्यांना नव्हती! हातानं वाती वळत होत्या. खिडकी पुरुषभर उंचीवर, तिलाही जाळी. कुणी मान वर केली नाही. ताई सवयीनं बोलून गेल्या बिचाऱ्या, "बायांनो, आज काम नाही करायचं. तुमचं काम ज्याच्यावर चालतं ते मांडा, पूजा करू."

कुणी कात्री मांडली, कुणी तराजू. मग एक उठली. सक्रूबाई मडावी, किनवटकडची, पन्नाशीची. दाराकडं गेली. राखणदाराच्या हातातलं कुलूप घेतलं. पदरानं पुसलं. आणि आणून ठेवलं — मधोमध!

"हे काय, बाई?"

"पूजा करा, ताई. हितलं काम ह्याच्यावरच चालतंय."

थांबा, मृदंगबुवा! इथे थाप नको.

ताईंच्या हातातलं ताट कलंडलं. हळद सगळी कुलपावर. मग हळूहळू बाई बोलायला लागली. अकरा महिने झाले. फोन केरबाच्या कपाटात, आधारकार्डं केरबाच्या कपाटात. लेक बाळंतपणाला टेकली होती, म्हणून तीनदा सुट्टी मागितली. तिन्ही वेळा एकच उत्तर — सणाचा माल निघू दे.

"पोरगा झाला का पोरगी, तेबी ठावं न्हाई मला."

ऐकताय ना? आजीला ठाऊक नाही! ताईंनी आपला फोन पुढे केला. "नंबर आठवतो?" अहो, आठवतो म्हणजे! आपण देवाचं नाव जपतो, ती बाई अकरा महिने तेवढे दहा आकडे जपत होती. पलीकडून लेक रडायलाच लागली. पोरगी झालीय. आता रांगते. सक्रूबाईनं फोन खाली घेतला आणि सगळ्यांना नुसतं सांगितलं, "रांगती म्हनं."

तेवढ्यात केरबा आला सासुरवाडीहून धापा टाकत — कुणीतरी कळवलं असणार! "ताई, परमुलखातल्या बाया! त्यांच्या सुरक्षेसाठीच लावतो हो कुलूप!"

सुरक्षेसाठी! मंडळी, सुरक्षेची कडी आतून असते. बाहेरून असते तिला काय म्हणतात, ते लहान लेकरूही सांगेल!

दार सताड उघडं होतं. ताई म्हणाल्या, "जा, सक्रूबाई. गाडी उभी आहे." ती उंबऱ्यापर्यंत आली, थांबली, आणि मागं वळून केरबाला विचारलं, "जाऊ?"

तेव्हा ताई रडल्या. मीही रडलो. कुलूप निघालं होतं हो, पण आतलं निघायला किती दिवस लागणार!

नंतर कंपनीच्या वकिलानं सल्ला दिला — केरबाचं कंत्राट मोडा, हात झटका, मोकळे व्हा. ताई कडाडल्या, "आणि बाया? त्यांना कुठल्या दारात सोडू?" स्वतः पोलिसांत गेल्या. प्रत्येकीचा मेहनताना, कार्ड, फोन हातात देऊन एकेकीला घरी पोचवलं. मग उरलेल्या पाच कंत्राटदारांकडे गेल्या. न कळवता! आणि तो परदेशी कागद आला, तेव्हा सहीआधी स्वतःच्या हातानं लिहिलं — राबवलं होतं. माझ्याच मालासाठी, आणि मी विचारलं नव्हतं.

आता घ्या माझा पहिला प्रश्न. हलवा बरं माना! का? आता का हलत नाहीत?

ही समई बघा. सुरेख तेवतेय. हिच्यातली वात कुणी वळली? देवळाच्या ट्रस्टींना विचारा. ट्रस्टी दुकानदाराला विचारतील. दुकानदार चिडेल, चिडू द्या! तुमच्या कारखान्यात, तुमच्या बांधकामावर, तुमच्या साड्यांच्या दुकानामागं कोण राबतंय, ते फोन न करता जाऊन बघा. जास्त काही बघू नका. दाराची कडी कुठल्या बाजूला आहे, तेवढं बघा.

देवाचं नाव आज मी आधी घेणार नाही. ती बाई उंबऱ्यावर उभी आहे अजून, विचारतेय — जाऊ? आधी तिला उत्तर द्या, मंडळी. मग टाळी वाजवू.