शनिवारवाड्यात बाबा हरवले

बाबांना पुणं दाखवायला नेलं ना, तेव्हाची गंमत ऐका. बाबांचा अख्खा जन्म वडखळजवळच्या मिठागरात गेला. शनिवारवाड्याच्या गर्दीत ते एकदम दिसेनासेच झाले. जवळ मोबाईल नाय, पेणच्या एसटीची वेळ होत आलेली, बायको रडकुंडीला आलेली. शेवटी दरवाज्याबाहेर काकडीवाल्याच्या गाडीपाशी सापडले. त्याचं सगळं मीठ पेपरावर उन्हात पसरलेलं, आणि बाबा उकिडवे बसून ते हाताने खालीवर करतायत. काकडीवाला शेजारी पेपराचं टोक धरून उभा!

मी ओरडलोच, "बाबा, आत वाडा तरी बघितलात का?"

बाबांनी वर बघितलंसुद्धा नाय. म्हणाले, "वाडा कुठं पळतोय? याच्या मिठाला पाणी सुटलं होतं."