मागचं डावं चाक

पायल : हलू नको बोललात म्हणून श्वास धरून बसलीये मी. वाचा आता लवकर.

सुदाम : घाई कोणाला आहे? स्टिअरिंग सरळ धर. पाय पॅडलवर, रेसमध्ये बसशील तसे. हां. पुढचं उजवं चाक, एकशे ब्याण्णव किलो. लिहितेस ना?

पायल : मोबाइलमध्ये टाकते. बोला.

सुदाम : पुढचं डावं, एकशे चौऱ्याऐंशी. मागचं उजवं, एकशे अठ्ठावीस. मागचं डावं... थांब, या काट्याचा आकडा नाचतोय. उल्हासनगरच्या शेठचे काटे, जन्मभर कापडाचे गठ्ठे मोजले त्यांनी. गाडी बघून घाबरले असतील. हां, टेकला. एकशे बावीस.

पायल : आता तिरक्या जोड्या.

सुदाम : पुढचं उजवं नि मागचं डावं मिळून तीनशे चौदा. पुढचं डावं नि मागचं उजवं, तीनशे बारा. दोन किलोचा फरक. बघून ठेव. वर्षभर ताडपत्रीखाली पडलेली गाडी, पण सेटिंग जागचं हललं नाही. खाटेचा एक पाय आखूड असला तर खाट डुगडुगते ना, तसंच गाडीचं. एक स्प्रिंग वरखाली झाली की तिरक्या दोन चाकांवर भार जास्त येतो. ही डुगडुगत नाही. स्प्रिंग वरखाली करायची कॉलर घट्ट करून मी लाल रेघ मारली होती, तीपण तशीच आहे.

पायल : बरं. उतरू मी?

सुदाम : थांब जरा. बेरीज सहाशे सव्वीस येते.

पायल : येत असेल.

सुदाम : येत असेल काय? रिकामी गाडी पाचशे पन्नास, पाच लिटर पेट्रोल धरून. तू छप्पन्न. सहाशे सहा यायला पाहिजेत. वीस किलो कुठून आले?

पायल : शेठच्या काट्यातून.

सुदाम : चारी काटे सकाळी तपासलेत मी. तुझ्या पाठीमागे काय आहे?

पायल : उशी.

सुदाम : पायल.

पायल : रेतीच्या पिशव्या आहेत. दहा-दहा किलोच्या दोन.

सुदाम : म्हणजे शहात्तर किलोचा माणूस. आपल्या घरात शहात्तर किलोचा एकच आहे.

पायल : होता. आता कात्रपला राहतो.

सुदाम : तू मला बोललीस, रविवारी मी चालवणार.

पायल : मी बोलली, रविवारी गाडी पळणार. बाकीचं तुम्ही धरून चाललात. दादाची वर्षाची बंदी पंधरा दिवसांपूर्वी संपली. मी त्याचं नाव दिलंय.

सुदाम : त्याला विचारून?

पायल : नाही.

सुदाम : उतर खाली. काटे टेम्पोत घाल. मी जिवंत आहे तोवर तो या गाडीत बसणार नाही. एकदा बसवला, काय झालं ते बघितलंस तू. शेवटचं उजवं वळण, गाडी गरकन फिरली, दोरी तोडून गेली. संतोष तिथं झेंडा घेऊन उभा होता, त्याचा गुडघा फुटला. दुसऱ्याच्या लेकराचा, पायल.

पायल : मला माहितीये. मी दहा फुटांवर होती.

सुदाम : मग नाव कसं दिलंस?

पायल : आज शुक्रवार, एमआयडीसी बंद, म्हणून प्रीतमने गेल्या वर्षीसारखीच त्याची ही शेड दिलीये. संध्याकाळपर्यंत आपलीच आहे. माझी एक गोष्ट ऐका. फक्त एक. नाही पटली तर काटेपण मीच उचलते आणि नावपण मागे घेते.

सुदाम : बोल.

पायल : मागच्या शुक्रवारी प्रीतमने शेड धुतली. त्याचा फोन आला, बोलला, सगळं पाणी एकाच कोपऱ्यात जातंय. त्याच्या आधी इथे कपडे रंगवायचा कारखाना होता. रंगाचं पाणी जायला त्या लोकांनी मोरी ठेवली होती आणि तिच्याभोवती जमीन खाली घेतली होती. मोरी अजून आहे. त्या पत्र्याखाली. तुमच्या मागच्या डाव्या काट्याला लागून.

सुदाम : मग?

पायल : मग तो काटा खाली आहे.

सुदाम : नाचता येईना अंगण वाकडं. गेल्या वर्षी हेच ऐकलं मी, टायर थंड होते, माती भुसभुशीत होती. आता जमीन. ड्रायव्हर सोडून सगळ्यांचं चुकलं.

पायल : दादाने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ते सगळं त्याचे मित्र बोलत होते. दादा एक शब्द बोलला नाही. आठवून बघा. चिखलोलीला बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथल्या गवंड्याची लेव्हलची नळी आणलीये मी. पाणी भरून ठेवलंय. तुम्ही एक टोक धरा, मी दुसरं धरते. अंगण सरळ निघालं तर तुम्ही जिंकलात.

सुदाम : गवंडी मला मोजायला शिकवणार. आण इकडे. बुडबुडा काढलास का नळीतला?

पायल : काढला.

सुदाम : पुढच्या उजव्या काट्याशी धर. खूण कर. आता पुढचं डावं... सारखं. मागचं उजवं... सारखं, दोरीत आहे. आता इकडे ये. हळू. नळी हलवू नको.

पायल : किती?

सुदाम : नळीत बुडबुडा राहिला असेल.

पायल : नाही राहिला. किती, पप्पा?

सुदाम : परत धर. पहिल्यापासून.

पायल : धरली.

सुदाम : बारा मिलिमीटर.

पायल : खाली?

सुदाम : खाली. बारा. जॅक आण. आणि टूलबॉक्सशेजारी लोखंडी पट्ट्या आहेत, त्यातली बाराची दे. नको, ती दहाची आहे. ती, हां. काट्याखाली सरकवतो. गाडी खाली घे... पुढून-मागून दोन-तीनदा दाब, म्हणजे स्प्रिंगा जागेवर बसतील. बस आता आत. पिशव्या घेऊन.

पायल : बसली.

सुदाम : पुढचं उजवं, दोनशे चार.

पायल : मघाशी एकशे ब्याण्णव होतं.

सुदाम : मला माहितीये मघाशी किती होतं. पुढचं डावं, एकशे बहात्तर. मागचं उजवं, एकशे सोळा. मागचं डावं...

पायल : बोला ना.

सुदाम : एकशे चौतीस.

पायल : म्हणजे एक जोडी तीनशे अडतीस आणि दुसरी दोनशे अठ्ठ्याऐंशी. पन्नास किलोचा फरक, पप्पा. जमीन खाली होती म्हणून ते चाक हलकं दिसत होतं. तुम्ही ते भरून काढायला कॉलर चढवली, आकडे जुळवले, वर लाल रेघ मारली. इथे गाडी बरोबर होती. या शेडच्या बाहेर पडली की चूक होती. अशी गाडी डाव्या वळणाला शहाण्यासारखी जाते आणि उजव्या वळणाला—

सुदाम : मागून सुटते. मला नको सांगूस. मला येतं हे.

पायल : दादा कुठल्या वळणाला फिरला?

सुदाम : उजव्या. कारखान्यात बत्तीस वर्षं मोजण्याचंच काम केलं मी. मशीनवरून आलेला जॉब तपासायचा, मापाचा गेज तपासायचा. जमीन कधी तपासली नाही. जमिनीचं खातं वेगळं होतं, ती माणसं येऊन सही करून जायची. आपण जॉब ठेवायचा आणि मोजायचं. इथं कोण येणार होतं सही करायला? माझ्या डोक्यातच आलं नाही. पत्रा दिसत होता मला. दोनदा पाय लागला त्याला.

पायल : कोणाच्याही डोक्यात नसतं आलं.

सुदाम : माझ्या यायला पाहिजे होतं. सरक, सी-पाना दे तो. मागची डावी कॉलर तीन फेरे खाली घेतो. दहा मिनिटांत बरोबर होईल. मग चालवू दे त्याला. मी अडवत नाही. झालं?

पायल : आणि मग?

सुदाम : मग काय? गाडी सरळ झाली, विषय संपला.

पायल : त्याला सांगणार नाही तुम्ही.

सुदाम : आता उकरून काय मिळणार? वर्ष झालं. संतोषचा पाय बरा झाला.

पायल : नाही झाला. जिना उतरताना कठडा धरतो अजून. दर गुरुवारी उल्हासनगरला व्यायामाला जातो. कोण नेतं त्याला, माहितीये? दादा. रिक्षाने. स्वतःची बाइक असून रिक्षाने, कारण दादा आता काहीच चालवत नाही. गोडाऊनला चालत जातो, पाऊण तास.

सुदाम : मला कोणी सांगितलं नाही.

पायल : तुमच्यासमोर त्याचं नाव काढायची सोय आहे का घरात? मम्मी डबा घेऊन जाते त्याच्याकडे, ते पण देवीला जाते सांगून.

सुदाम : आपण कधीपासून देवीला जायला लागलो?

पायल : तेच. तुम्हाला तेवढापण संशय आला नाही. चौकशीला आयोजकांनी तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही कागदावर लिहून दिलंत, गाडीत दोष नाही, सेटिंग मी स्वतः केलंय, चूक चालवणाऱ्याची. खाली सही. मी दादाला विचारलं, तू भांडत का नाहीस? गाडी परत मोजा असं का नाही बोलत? माहितीये काय बोलला?

सुदाम : काय?

पायल : बोलला, ‘पप्पांनी मोजलेलं चुकत नाही. म्हणजे माझाच हात चुकला असणार.’ वर्षभर तो मनात तेच वळण घेतोय, पप्पा. मी हात कुठे जास्त फिरवला, ब्रेक कुठे उशिरा दाबला. जे त्याने केलंच नाही ते शोधतोय.

सुदाम : असं बोलला?

पायल : शब्दाला शब्द.

सुदाम : पाणी आहे का गं तुझ्याकडे?

पायल : घ्या.

सुदाम : पायल, मला लाज वाटते. आणि खोटं कशाला बोलू, भीतीपण वाटते. रिटायर झालो तेव्हा साहेबाने भाषणात एवढंच सांगितलं, सुदामने मोजलं की परत मोजावं लागत नाही. लोकांना घड्याळं मिळतात, शाली मिळतात. मी तेवढंच घेऊन घरी आलो. त्या दिवशी आयोजकांसमोर तेच वाचवत बसलो. पोराकडे बघितलंपण नाही.

पायल : आता बघा.

सुदाम : फोन लाव.

पायल : लावते. स्पीकरवर ठेवू?

सुदाम : ठेव. तू इथंच थांब.

(दुसऱ्या टोकाला बराच वेळ रिंग वाजते.)

आकाश : बोल गं पायल. जेवायला बसलोय.

सुदाम : आकाश.

आकाश : ...पप्पा? काय झालं? मम्मी बरी आहे ना?

सुदाम : बरी आहे. सगळे बरे आहेत. तू जेवून घे आधी.

आकाश : नाही, बोला.

सुदाम : आम्ही प्रीतमच्या शेडमध्ये आहोत. गाडीचं वजन घेतलं. गेल्या वर्षी जिथं घेतलं, तिथंच. मागच्या डाव्या काट्याखाली जमीन बारा मिलिमीटर खाली आहे. मोरीमुळं. तेव्हापण होती. मी बघितली नाही. ऐकतोस ना? पन्नास किलोचा फरक होता तिरक्या जोडीत. डावीकडं तुला काही जाणवलं नसेल. उजवीकडं कोणीही असता तरी ती फिरली असती. मी असतो तरी फिरली असती. तुझ्या हाताची चूक नव्हती. माझ्या हाताची होती.

आकाश : पायल, तू बोलायला लावलंस का यांना?

पायल : मी फक्त नळी धरली, दादा. मोजलं त्यांनीच.

आकाश : दोनदा मोजलं का?

सुदाम : दोनदा. पायलने धरलं, मी वाचलं. आणि मग वजन घेतलं. आकडे पाठवतो तुला, तूपण बघ. माझ्यावर विश्वास नको ठेवूस, आकडे बघ.

आकाश : पप्पा, मी तो ब्रेक... मला वाटायचं मी ब्रेक उशिरा सोडला. हजार वेळा वाटलं.

सुदाम : माहितीये. आत्ताच कळलं मला.

आकाश : जमीन कोणी बघत नाही, पप्पा. जाऊ द्या.

सुदाम : जाऊ द्या म्हणू नकोस. तू जाऊ द्या म्हणालास की मी खरंच सोडून देईन, मला मी माहितीये. तो कागद मी परत लिहून देतो आयोजकांना. माझी चूक म्हणून.

आकाश : त्याने काय होणार आता? बंदी तर भोगून झाली.

सुदाम : तुझं नाव आहे त्या कागदावर. ते काढायचंय. गाडी आज सरळ करून ठेवतो. पायलने रविवारसाठी तुझं नाव दिलंय, चालवायची का नाही ते तू ठरव. मी काही बोलणार नाही.

आकाश : रविवारचं नंतर बघू. संतोषला सांगू का मी? परवा विचारत होता, तुला झोप लागते का म्हणून. मलाच विचारत होता तो.

सुदाम : नको. तू नको सांगू. हॉस्पिटलमध्ये त्याच्या आईच्या पुढ्यात मी हात जोडून बोललो होतो, पोरगा माझा बेफिकीर आहे, माफ करा. ती माउली माझी समजूत काढत होती. त्या घरी मला जायला पाहिजे.

आकाश : कधी जाताय?

सुदाम : उद्या सकाळी. तुला सुट्टी मिळेल का अर्धा दिवस?

आकाश : मिळेल. पण मी कशाला? तुम्हाला बोलायचंय ना?

सुदाम : बोलणार मीच. तू फक्त सोबत चल. एकटा निघालो तर मी वाटेतून परत फिरेन.