बारा जणांचा काढा

एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक टेम्पोवाला आपल्या नंबराची वाट बघत कधीचा पाय हलवत बसला होता. शेजारी म्हातारी, मांडीवर काढ्याची बाटली. तिचा मुलगा आत होता आणि लेक इथं तिच्यावर करवादत होती.

"चार महिने झाले अडुळसा पाजतेस दादाला. गेला का खोकला?"

"पानं वाफवून रस काढते, सुंठ घालते, मध घालते. घोटभर घेतला की छाती मोकळी होते त्याची."

"आणि मोकळी छाती घेऊन तो पुन्हा त्याच फरशीच्या कारखान्यात धूळ खायला जातो."

"मालकानं नावाजलंय माझ्या हाताला. बाराही कामगारांना पुरेल एवढा काढा जातो रोज घरून."

"नावाजेल नाहीतर काय करेल? धूळ ओढायचा पंखा बसवणार होता ना तो?"

"बसवतो म्हणालाय."

"कशाला बसवेल? तू आहेस की फुकटची."

टेम्पोवाल्याचा पाय हलायचा थांबला. दार उघडून मुलगा खोकत, शर्टाची बटणं लावत बाहेर आला.

"आई, बाटली दे. मालकाचा फोन आलाय. दुपारी कामावर ये म्हणतो."

"पंखा बसवला का त्यानं?"

"विचारलं मी. हसला. म्हणाला, तुझ्या आईचा काढा आहे ना."

म्हातारीनं बाटली पिशवीत तळाशी घातली.

"त्याला सांग, पानं संपली."

"संपली? अगं, परसातलं झुडूप माझ्या डोक्यावर गेलंय."

"संपली म्हटलं ना. आणि तू बस इथं. फोटो हातात आल्याशिवाय कुठं जायचं नाही."