रिकामी सीट

सत्त्याऐंशीचा जानेवारी, अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं एक मोठं दुकान. बिलाच्या रांगेत माझ्यापुढे पातळावर पुरुषी ओव्हरकोट चढवलेल्या एक मावशी आणि त्यांचा जावई. जावयाच्या हातात तान्ह्या बाळाची कार सीट.

"आई, तुम्ही म्हणालात म्हणून आधी आणली नाही. आता नर्स म्हणते, सीट बसवल्याशिवाय डिस्चार्ज नाही."

"बाळ व्हायच्या आधी आपल्यात काही आणत नाहीत, श्रीरंगराव. आणि सीट हवीय कशाला? मी बसते की मागे नातीला मांडीवर घेऊन. माझी सगळी पोरं मांडीवरच घरी आली."

"टांग्यातून आली. परवा सुनेत्राला हॉस्पिटलात नेताना स्नोवर गाडी कशी गर्रकन फिरली, विसरलात?"

"तुम्ही हळू चालवा."

"हळूच चालवत होतो."

"बरं, घ्या. पण अशी झुलवू नका. रिकामा पाळणा हलवू नये."

"अहो, प्लास्टिकची सीट आहे ही."

"पोर निजणार ना तिच्यात? बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतो आपण. थांबा, बर्फीसाठी घेतलेली साखरेची पिशवी ठेवते."

"ठेवलीत? चला आता."

"पट्टा लावा."

"आई, साखर आहे ती."

"लावा म्हणते ना. सैल आहे. आवळा."

"आवळला. आता?"

"घरापर्यंत गाडी तुम्हीच चालवणार ना?"

"हो."

"मग अजून आवळा."